टाकीची लेव्हल स्थिर आहे

११ जून १९८४, सोमवार
आजपासून रोजनिशी. आजपासून विडी बंद. जबाबदारी वाढली आहे.
आमच्या कोल्ड स्टोरेजच्या जनरेटरची डिझेलची टाकी जमिनीखाली आहे. जनरेटर न चालवताही तिच्यातलं डिझेल रोज चार बोटं उतरतंय. चंद्रप्रकाशशेठनी कंपनीचा माणूस बोलावला होता. तो म्हणाला, टाकी रिकामी करून हवेचं प्रेशर भरू, लीक असेल तर कळेल. खर्च ऐकून शेठनी हात जोडले. तेव्हा मी पुढे झालो. म्हटलं, शेठ, मिल बंद पडेपर्यंत बॉयलरवर होतो, लीक मला वासावरून कळतं. शेठ म्हणाले, ठीक है दशरथ, तू देख.
बघतोच.

१२ जून, सकाळ
टाकीत रॉड घालून मापलं. वास घेतला. लीक नाही, चोरी आहे. वॉचमन धाकू. आमच्याच चाळीतला, गाववाला, म्हणून वाईट वाटलं. पण ड्यूटी म्हणजे ड्यूटी. झाकणाची किल्ली काढून घेतली. तो म्हणाला, अरे दशरथा, माका सायकलसुद्धा येना नाय, मी डिझेल घेवन काय करू?
चोर असंच बोलतात.

१९ जून
किल्ली माझ्या कमरेला, तरी चार बोटं. म्हणजे पाइपाचा जॉइंट. धुण्याचा साबण आणि गूळ एकत्र मळून जॉइंटवर थापला, वर काथ्या गुंडाळला. मिलमध्ये असंच करायचो. साबण घरचा होता. रत्नप्रभा कपडे भिजवून बसली होती, बरंच बोलली. मग विचारते, रोज एवढं डिझेल जातं तरी कुठे? म्हटलं, जमिनीत. जमीन काय लहान आहे? ती म्हणाली, आपली विहीरपण जमिनीतच आहे ना?
विहीर स्टोरेजच्या भिंतीला लागून आहे हे खरं. नळाला पाणी पहाटे थोडा वेळ, बाकी सगळी चाळ विहिरीवर. अख्ख्या साकीनाक्यात असं गोड पाणी नाही. पण बायकांना टेक्निकल काय सांगणार?
एक विडी ओढली. टेन्शनमुळे. उद्यापासून बंद.

८ जुलै
झकास! आठवडाभर पाऊस, आणि लेव्हल एक बोटसुद्धा उतरली नाही. साबण-गूळ! शेठनी पाठ थोपटली. कंपनीच्या माणसाचा फोन आला, त्याला येऊ नको म्हणून मीच सांगितलं. तो विचारत होता, टाकीच्या तळाला पाणी आहे का बघितलंत? म्हटलं, साहेब, आमच्या टाकीत डिझेल असतं.
दर शनिवारी जनरेटर चालवून बघतात ते बंद केलं. उगाच मापात फरक नको.
धाकूला किल्ली परत द्यायला हवी. सवडीने.

२२ जुलै
लेव्हल दोन बोटं वाढली.
थोडा वेळ विचार केला. डिझेल दमट हवेत फुगत असणार.

२ ऑगस्ट
रत्नप्रभा म्हणते चहाला वास येतो. म्हटलं, माझ्या शर्टाचा असेल. तिने शर्ट विहिरीवर नेऊन धुतला. आता शर्टाला जास्तच वास.
हल्ली साबण भिकार मिळतो.

११ ऑगस्ट
शेजारची शकु कळशी घेऊन दारात. म्हणे, भावजी, पाण्यावर रंग बघा. निळा, जांभळा, छान दिसत होते. म्हटलं, ऊन पडलं की दिसतात. ती म्हणाली, ऊन कुठाय? चार दिवस आभाळ फाटलंय.
मी कामात होतो.

३० ऑगस्ट, गणेश चतुर्थी
मोदकाची उकड विहिरीच्या पाण्याचीच, हा आमच्या चाळीचा रिवाज. रत्नप्रभाने पाणी दोनदा गाळलं, दोनदा उकळलं. आरती झाली. सगळ्यांनी एकेक मोदक घेतला. धाकूने अर्धा खाल्ला, उरलेला रुमालात बांधला. प्रसाद टाकत नाहीत म्हणून. मी चार खाल्ले. घसा संध्याकाळपर्यंत जळत होता.
दिवेलागणीला लाइट गेली. धावत गेलो, जनरेटर मारला. दोनदा खोकला आणि बंद. फिल्टरखालचा नट सैल केला, तर पाणी. सोडत राहिलो, तर पाणीच. बोट बुडवून चाटलं. वासाखाली चव ओळखीची होती.

३१ ऑगस्ट
स्टोरेजमधलं सगळं आइस्क्रीम वितळून गटारात. कंपनीचा माणूस आला. भोक टाकीच्या तळाला. उन्हाळ्यात डिझेल बाहेर गेलं, पावसात जमिनीतलं पाणी आत आलं, म्हणून लेव्हल चढली. मी जॉइंटबद्दल सांगायला गेलो, तर तो म्हणाला जॉइंट पहिल्यापासून चांगलाच होता. मग विहिरीत वाकून बघितलं आणि मान हलवली. पाणी चांगलं व्हायला किती दिवस, विचारलं. म्हणाला, दिवस नाही, वर्षं. किती, ते सांगणारी टेस्ट त्याच्याकडे नाही.
शेठनी किल्ली मागून घेतली. रॉड घेऊन घरी जा म्हणाले, उद्यापासून येऊ नको.
गणपती पवईला नेला. वाटेत रत्नप्रभा एवढंच म्हणाली, विहिरीचं टाकीत घातलंत, टाकीचं विहिरीत. मला रडू आलं. सगळे मोरया म्हणत होते, कोणाला कळलं नाही.

६ सप्टेंबर
विहिरीवर फळ्या टाकल्यात. पोरांनी बादली सोडू नये म्हणून राखणीला कोणीतरी हवं. चाळीत दिवसभर रिकामा मीच. रत्नप्रभा हंडा घेऊन नाक्यावर टँकरच्या रांगेत असते, माझ्याशी बोलत नाही. धाकू ड्यूटीवरून येताना माझ्यासाठी चहा घेऊन आला. चहाला वास नव्हता.
विडी चालू आहे. विहिरीपासून लांब जाऊन ओढतो.
दुपारी कोणी नव्हतं तेव्हा एक फळी सरकवून रॉड आत सोडला, मापलं.
लेव्हल स्थिर आहे.