फक्त आईला दिलेला इशारा

९ सप्टेंबर

चि. टिल्ल्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, रक्तदाब सोडून.

मंगळवारी, ३ सप्टेंबरला, सकाळी दहा चाळीसला तुमच्या कर्ज देणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅपने माझ्या पैशांना कुलूप ठोकलं. म्हणे तांत्रिक अडचण! मदतीच्या खिडकीतल्या यंत्राने विचारलं, "आपला अनुभव कसा होता?" मी लिहिलं, "लुबाडल्यासारखा." त्यावर ते म्हणालं, "धन्यवाद! आणखी काही मदत?" शंख!

मी डोळे मिटून पैसे टाकले नव्हते. शाळेत नन्सनी छड्या मारून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला शिकवलंय. अगदी तळाशी, फिकट अक्षरांत होतं: 'मुद्दल बुडू शकते.' म्हणून तर तुला विचारलं. जोखीम मोजायचा पगार घेणारा घराण्यात तू एकटाच. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, माझ्याच हातचं ऑम्लेट चापत तू म्हणालास, "अगं मावशी, ते कायद्यापुरतं असतं. कर्ज कोणाला द्यायचं ते आमचा कॉम्प्युटर ठरवतो. तो चुकत नाही."

आता पेपरात येतंय की त्या कॉम्प्युटरला फक्त भरभराटीच्या वर्षांचे आकडे शिकवले होते. कर्ज बुडवणारी माणसं त्याने फारशी पाहिलीच नव्हती.

तेही मी गिळलं असतं. पण काल तुझ्या आईचा फोन आला. बिचारी माझीच समजूत घालत होती. "ताई, माझे पैसे त्याने जुलैतच काढले गं. म्हणाला, आई, तिथे नको ठेवूस."

मी म्हटलं, "बरं झालं," आणि फोन ठेवला.

जुलैत आईला इशारा, ऑगस्टमध्ये मावशीला हमी! नोकरी जाईल म्हणून गप्प बसायचं होतं, तर बसायचंस. ऑम्लेटने तोंड भरलेलंच होतं की.

पैसे कशासाठी होते ते सांगणार नव्हते. वृद्धाश्रमात खोली ठरवली होती. तुझ्या गळ्यात पडायला नको म्हणून.

मंगळवारी, १७ सप्टेंबरला, तक्रार अधिकाऱ्यासमोर माझा जबाब आहे. तुला पैसे मागत नाही. जुलैत तुला काय माहीत होतं आणि मला का सांगितलं नाहीस, एवढं लिहून सही कर. तो कागद मी तिथे देणार आहे, हेही आधीच सांगते. माझ्याकडे बारीक अक्षरं नाहीत. फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी विरघळते, आणि ते तुला पक्कं ठाऊक आहे.

सोमवार, १६ सप्टेंबर, दुपारी बारापर्यंत उत्तर हातात हवं. नाही आलं, तर जबाबात तुझं नाव, हुद्दा आणि नातं मी माझ्या हाताने लिहीन.

सोमवार दुपारपर्यंत तरी तुझीच,
मावशी