पन्नास मिलिमीटर

१४ मार्च

चि. खारूताई,

तुझं पत्र सोमवारीच मिळालं. तू सायकलच्या शर्यतीसाठी निवडली गेलीस हे वाचून दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या मारल्या. माझी तब्येत ठीक. कंबर सकाळी जरा कुरकुरते, पण अकरापर्यंत वळणावर येते. आणि ताईचा, तुझ्या आईचा, गुडघा कसा आहे?

आता चाकांचं. तू तीन प्रश्न विचारलेस, क्रमाने सांगतो. आधी टायर बदल. चांगले, थोडे रुंद टायर घेतलेस आणि हवा कमी ठेवलीस, तर जेवढा फरक पडेल तेवढा चाकाच्या मधल्या महागड्या हबनेही पडणार नाही. दुसरं, वजन. दोनशे ग्रॅम कमी झाल्याचं समाधान फक्त चढावर, आणि तेही निम्मं मनाचंच. तिसरं म्हणजे ती पन्नास मिलिमीटर उंचीची कार्बनची रिम. सपाट रस्त्यावर ती पळते, यात खोटं काही नाही. पण कडेचा वारा आला की ती शिडासारखी वागते. मागचं चाक एक वेळ सांभाळता येतं, पुढचं मात्र हँडलच हातातून ओढून घेतं. त्यात तू पडलीस काडीपहिलवान. तेव्हा नको.

इथवर लिहून पत्र बंद केलं होतं. पाकीटही चिकटवलं. मग ते फाडलं.

तू शेवटी लिहिलंस, "आई म्हणते, बाबांचा हट्टीपणा माझ्यात उतरलाय. एकदा चाकं घेतली की मी कुणाचं ऐकणार नाही, म्हणून काय ते आधीच सांग." हे फोनवर म्हणाली असतीस तर मी हसून दुसरा विषय काढला असता. गेली सहा वर्षं तेच करतोय.

खारूताई, तुझ्या बाबांनी हट्ट केला नव्हता.

ती पन्नास मिलिमीटरची चाकं मीच त्यांच्या गळ्यात मारली. दुकानात नवीन माल आला होता. दाजींचा आदल्या वर्षी शर्यतीत तिसरा नंबर चाळीस सेकंदांनी हुकला होता, चौथे आले होते. ते पहिल्या तिघांत आले, तर त्यांचा सायकलसकट फोटो दुकानाच्या काचेवर लावायचा, असं माझ्या डोक्यात होतं. भूगोल शिकवणारा साधा मास्तर ज्या चाकांवर जिंकतो, ती कोण घेणार नाही?

शर्यतीच्या सकाळी सुरुवातीच्या रेषेवरची निशाणं ताठ उभी होती. दाजी माझ्याकडे आले. जुनी चाकं त्यांनी गाडीच्या डिकीत टाकून आणली होती.

"अरे, वारा बघ. माझी आपली जुनी लावूया का?"

"दाजी, जुन्या रिमला हे कार्बनचे पॅड चालत नाहीत, मग ब्रेकचे पॅडही बदलावे लागतील. आणि एवढी भीती वाटत असेल तर सरळ घरी जाऊन पेपर तपासा."

आजूबाजूचे चार जण हसले. दाजीही हसले. हेल्मेटचा पट्टा लावला आणि गेले. पॅड बदलायला दहा मिनिटं लागली असती. वीस मिनिटं हातात होती.

सतराव्या किलोमीटरला गोदामांची रांग संपते. तिथे वाऱ्याने त्यांना समोरून येणाऱ्या टेम्पोपुढे नेऊन टाकलं. मागून येणाऱ्या स्पर्धकाने मला सांगितलं, शेवटपर्यंत दोन्ही हात हँडलवर होते.

दवाखान्यात ताईने मला व्हरांड्यात गाठलं. "ही चाकं लावायचं कुणी ठरवलं?" मी म्हणालो, "दाजींनीच. मी नको नको म्हणत होतो." तोंडातून गेलं. ते दोन दिवस जगले, आणि त्या दोन दिवसांत मला ते शंभरदा दुरुस्त करता आलं असतं. नंतर ताई त्यांच्यावर चिडायला लागली. स्वतःच्या हौसेपायी आम्हाला टाकून गेला, म्हणायची. मी समोर बसून चहा प्यायचो.

सोबत चाकांची जोडी पाठवतोय. अॅल्युमिनियमची, कमी उंचीची, अठ्ठावीस स्पोकची. स्वतः बांधली, तीनदा फिरवून आउट काढला, आता जराही डुलत नाहीत. वापरायची की नाही, तुझं तू ठरव. हे पत्र मात्र ताईला दे. तिच्यासमोर येऊन बोलायची छाती माझी नाही, हे तुलाही कळलंच असेल.

माफ कर असं लिहिणार होतो. लिहीत नाही.

तुझा मामा


२ एप्रिल

पत्र पोरीने माझ्यापुढे ठेवलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. दोनदा वाचलं.

तुला एक गोष्ट माहीत नाही. ती कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले होते. तोंडात नळी होती, तरी काहीतरी सांगायला धडपडत होते. मी म्हटलं, "आता पुरे. जन्मभर तुमचंच ऐकलं, त्याचं हे फळ." ते माझ्याकडे बघत राहिले. मी तोंड फिरवलं. संध्याकाळी ते गेले.

व्हरांड्यात तू खरं बोलला असतास, तर मी त्यांचा हात धरून बसले असते.

माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. ज्याच्याकडे मला मागायची आहे, तो माणूसही आता नाही.

चाकं तिने लावली. वारा असला की ती घरी थांबते. तुझं तिला पत्र आलं तर मी अडवणार नाही. तू मात्र येऊ नकोस. राग ओसरला की बोलावीन, अशी वाटही बघू नकोस.

ताई म्हणून सही करायला बसले होते. हात धजला नाही.

तिची आई