यंदा दसरा उशिरा आहे

माउंट रॉस्किल, ऑकलंड
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय वसूताई,

साष्टांग नमस्कार. हल्ली कोण पत्र लिहितं, असं म्हणत पाकीट उलटंसुलटं करून बघितलं असशील. घाबरू नकोस, आम्ही दोघं आहोत तिथे आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी दिलेली काठी कपाटामागे टाकून जिने चढत असशील, मी ओळखते तुला.

दिवाळीत मी फोन केला नाही, तुझाही उचलला नाही. ‘अनू, तुला शिंगं फुटली का?’ हा तुझा मेसेज वाचला आणि पुसून टाकला. रागावलीस ते बरोबरच आहे. पण शेखर हल्ली माझा मोबाइल स्वतःचा समजून उचलतो आणि आलेला मेसेज मोठ्यांदा वाचून दाखवतो. फोन लावला तर समोर खुर्ची ओढून बसतो. म्हणून हे पत्र. तो दुपारी जेवून झोपला की मी गॅरेजमध्ये येते आणि यूटमध्ये बसून लिहिते. यूट म्हणजे आमची ती मोठी गाडी गं, पुढे माणसं बसतात आणि मागे उघडा हौदा. तिला कॅरॅव्हॅन, ते ओढून न्यायचं चाकांवरचं घर, जोडून आम्ही नेपियरला गेलो होतो आणि फोटो बघून तू म्हणालीस, ‘टेंपो घेतलात होय?’ दार लावून बसता येईल अशी आता हीच एक जागा उरली आहे.

या गाडीवरून आम्ही सहा वर्षं भांडलो. शेखरचं म्हणणं, ओढायची गाडी ओढायलाच वापरायची. हिवाळ्यात कॅरॅव्हॅन हलत नाही, मग यूट तरी पावसात कशाला भिजवायची? म्हणून अक्षय्य तृतीया झाली की ती गॅरेजमध्ये. तिचा रस्त्यावर चालवायचा परवाना, इथे त्याला रेगो म्हणतात, तो होल्डवर टाकायचा. बॅटरीच्या तारा सोडायच्या, टायरमध्ये चढी हवा भरायची, वर जुनी चादर घालायची. आणि मग दसऱ्याला बाहेर! हार, नारळ, चाकाखाली लिंबू, आणि जो पहिला लाँग वीकेंड येईल त्याला कॅरॅव्हॅन जोडून निघायचं. इथे अक्षय्य तृतीयेला थंडी सुरू होते आणि दसऱ्याला संपते, त्यामुळे पंचांग आपल्या गाडीसाठीच काढलंय अशी त्याची पक्की समजूत. दसऱ्याआधी गॅरेजचं दारसुद्धा तो उघडत नाही.

माझं म्हणणं, गाडी बारा महिने चालती ठेवावी. उभी गाडीच बिघडते. टायर एका जागी चपटे बसतात, बॅटरी उतरते. शिवाय ही महाराणी पाच महिने आत झोपणार आणि माझी छोटी गाडी बाहेर पावसात. दुसऱ्या वर्षी तर पूजेच्या अक्षता आणि नारळ पुढच्या खणातच राहिले. उंदरांनी अक्षता खाल्ल्या आणि वर वायरी कुरतडल्या. मेकॅनिकने आतून मूठभर तांदूळ काढले आणि विचारलं, “या गाडीत कुणाचं लग्न लागलं का?” तेव्हापासून डांबराच्या गोळ्या. आत्ताही तोच वास येतोय.

तू म्हणशील, पत्र लिहून गाडीचं पुराण कसलं लावलंय? सांगते. जरा दम खाऊ दे.

यंदा गाडी अजून आतच आहे. नोव्हेंबर अर्धा संपला. आणि यंदा तिला आत ठेवणारी मी आहे.

एप्रिलमध्ये एका सकाळी मी भाजी आणायला गेले होते. परत आले तर यूट नाही, कॅरॅव्हॅन नाही, शेखर नाही. दोन तासांनी पेनरोजहून फोन आला, त्याच्या जुन्या कारखान्याच्या गेटवरच्या माणसाचा. शेखर कॅरॅव्हॅनसकट गेटसमोर उभा होता आणि आपली शिफ्ट सुरू व्हायची वाट बघत होता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली गं त्याला. येताना एका ट्रकला घासून आला होता, त्याला पत्ताच नाही. मागे आठ-दहा गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि हा आत काच वर करून शांत बसलेला.

मग तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी त्याच्यादेखतच सांगितलं की विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार, आणि गाडी आजपासून बंद. शेखरने शहाण्यासारखी मान हलवली आणि पार्किंगमध्ये येऊन म्हणाला, “दे चावी.”

त्याच आठवड्यात अक्षय्य तृतीया होती. मला देवच पावला. त्याने स्वतःच्या हातांनी यूट आत घातली, तारा सोडल्या, चादर घातली. डॉक्टरांचं मला पुन्हा काही बोलावं लागलं नाही. पाच महिने तो म्हणायचा, दसऱ्याला काढू. मी म्हणायची, हो. महिन्यातून एकदा गुपचूप येऊन बॅटरी चार्जरला लावायची आणि परत जायची.

आणि मग दसरा जवळ आला. ऑगस्टपासून रोज सकाळी एकच प्रश्न, “दसरा कधी गं?” एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, “यंदा अधिक मास आहे. दसरा उशिरा आहे.”

तो म्हणाला, “अधिक दोन वर्षांपूर्वी झाला ना?”

तेवढं आठवतं बघ त्याला! चहा घेतला की नाही ते आठवत नाही. मी म्हटलं, नाही, यंदा आहे. कॅलेंडर गादीखाली घातलं. मग घट बसवता आले नाहीत, झेंडू आणता आला नाही. आमच्या मंडळातली श्रुती मुलांना घेऊन आली, मुलांनी सोनेरी कागदाची आपट्याची पानं कापली होती. तिला फाटकातच थांबवलं, शेखरला बरं नाही म्हणून वाटेला लावलं. मुलांचे चेहरे एवढेसे झाले. पानं टाकवेनात, इथे गाडीच्या खणात ठेवली आहेत.

दसराच झाला नाही तर दिवाळी कुठून येणार? आकाशकंदील नाही, पणती नाही, तळणाचा वास नाही. लक्ष्मीपूजनाला मी मुगाची खिचडी केली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, घरात दिवा लागला नाही असं पहिल्यांदाच झालं. तुझा फोन वाजत होता आणि मी तो उशीखाली दाबून धरला होता.

काल तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, “अनू, हिवाळ्यात पोहुतुकावा फुलतो का गं?” कोपऱ्यावरच्या त्या झाडाला लाल तुरे आले आहेत, ख्रिसमसच्या सुमाराला यायचे ते. मी म्हटलं, यंदा लवकर आलेत. तर म्हणतो, “दसरा उशिरा, फुलं लवकर. सगळंच बिघडलंय.”

इरावती वेलिंग्टनहून सांगते, “ममा, जस्ट सेल इट. ही वोन्ट इव्हन नोटिस.” पोरीला काय सांगू? बाकी सगळं विसरेल, पण तेवढं त्याला बरोबर कळेल.

मी फार थकले गं ताई. आजारपणाने नाही, त्याचं करायला मी खंबीर आहे. पण रोज उठून खोटं बोलायचं आणि काल कुठलं खोटं बोलले ते लक्षात ठेवायचं, त्याने थकले. त्याला निदान विसरता तरी येतं.

तुझ्याकडून एकच हवंय. फोन केलास आणि त्याने उचलला तर दसरा-दिवाळीचा चकार शब्द काढू नकोस. विचारलं तर म्हण, व्हायचाय अजून. पाप माझ्या माथी.

तो उठला वाटतं. हाका मारतोय.

तुझी
अनू


माउंट रॉस्किल
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

प्रिय वसूताई,

आधीचं पत्र अजून वाटेतच असेल. ते मिळेल तेव्हा शेवटचं मागणं तेवढं सोडून दे. कसं ते लिहिते.

सोमवारी ते पत्र टाकायला कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत गेले. डेअरी म्हणजे इथलं किराणा दुकान, बाहेर पत्रांची पेटी आहे. जाऊन येऊन दहा मिनिटं. पण पत्र गाडीतच लपवलं होतं, ते काढून जायच्या घाईत गॅरेजचं दार उघडं राहिलं. ते बघून त्याला वाटलं असणार, मुहूर्त झाला.

आले तर शेखर यूटमध्ये बसलेला. चादर व्यवस्थित घडी करून बाजूला ठेवलेली. पुढचा खण उघडा, आणि मांडीवर ती सोनेरी पानं एकावर एक लावत होता.

“अनू, हे सोनं कुठलं?”

“श्रुतीच्या मुलांनी दिलं.”

“म्हणजे दसरा झाला.”

पुढच्या वर्षीची आहेत, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलवेना. म्हटलं, “झाला. दोन ऑक्टोबरला.”

“मला का नाही सांगितलंस?”

“दसऱ्याला तू गाडी काढतोस म्हणून.”

बराच वेळ तो पानं लावत राहिला. मग विचारलं, “मी पेनरोजला गेलो होतो का गं? कॅरॅव्हॅन घेऊन?”

“हो.”

“मला वाटायचं ते स्वप्नात झालं. गेटवरच्या माणसाने मला चहा दिला होता.” आणि मग एकदम पूर्वीचा शेखर बोलावा तसा बोलला, “माझ्याशी खोटं बोललीस ते ठीक आहे. पंचांगाशी कशाला बोललीस?”

मी तिथेच, गाडीच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. एप्रिलपासून साठलेलं सगळं आलं. त्याने वरचं पान उचलून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, “घे. सोन्यासारखी राहा.” मी वाकून नमस्कार केला तर म्हणतो, पाठ सांभाळ.

मग उतरला, बॉनेट उघडलं, बॅटरी जोडली. आधी लाल तार, मग काळी. बोट कुठे अडखळलं नाही. सकाळी त्याच माणसाच्या शर्टाची बटणं मी लावून दिली होती. बॉनेट खाली घातलं आणि ड्रायव्हरच्या दारापाशी जाऊन उभा राहिला, हात दाराच्या कडीवर. चावी माझ्याकडे होती, स्वयंपाकघरातल्या तुरीच्या डब्यात. मी मनाशी ठरवत होते की मागितली तर काय सांगायचं. त्याने मागितली नाही. गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेला, बसला, पट्टा लावला आणि म्हणाला, “चल. लिंबू आण.”

मागच्या झाडाचं लिंबू तोडलं, चाकाखाली ठेवलं. एवढी मोठी गाडी मी आयुष्यात चालवली नव्हती. रेगो होल्डवर, त्यामुळे रस्त्यावर न्यायची सोय नाही. गॅरेजपासून फाटकापर्यंत वीस पावलं गेलो आणि वीस पावलं मागे आलो. “क्लच हळू सोड,” “आरशात बघ,” “घाबरतेस काय?” सगळं सांगत होता. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तुला वाटेल, झालं, सुटले. मंगळवारी सकाळी आंघोळ करून आला आणि म्हणाला, “अनू, दसरा आला का गं?”

आता परत सगळं सांगायचं? पेनरोज, डॉक्टर, माझं खोटं? रोज सांगायचं? मला सवय होईल, पण त्याला ते रोज पहिल्यांदाच कळणार आणि रोज तेवढंच लागणार. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, “आज आहे.”

त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास.

तेव्हापासून आमच्याकडे रोज दसरा आहे. रेगो होल्डवरून काढला, पाच मिनिटांचं काम होतं. सकाळी लिंबू, मग हिल्सबरोच्या उतारापर्यंत, जिथून खाडीचं पाणी दिसतं, आणि परत. कॅरॅव्हॅन जोडत नाही. ती विकणार आहे, ते त्याला चालेल असं वाटतं. यूट नाही.

रोज सगळं गोड होतं असं समजू नकोस. गुरुवारी तो उजव्या दारापाशी उभा राहिला तो हलेना. “माझी गाडी आहे, तू कोण?” असं ओरडला, शेजारीण बाहेर आली. त्या दिवशी गाडी निघाली नाही. दुपारपर्यंत हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि मी ओट्यापाशी उभी राहून भात ढवळत होते, भात शिजून गेला होता तरी. असे दिवस वाढत जाणार, मला कळतं.

आता गाडी बारा महिने चालणार. सहा वर्षांचं भांडण मी जिंकले, आणि जिंकून काय करू ते कळत नाही. एवढं मात्र समजलं की मी नुसती गाडी नाही, त्यालाही चादर घालून आत ठेवलं होतं. सणवार बंद, माणसं बंद, तुझा फोन बंद. श्रुतीला काल बोलावलं, मुलांना घेऊन ये म्हटलं. ती म्हणाली, काय आहे? मी म्हटलं, दसरा. ती म्हणाली, “येते काकू, झेंडू आणू का?”

तर ताई, आता फोन कर. सकाळी, दुपारी, मार्चमध्ये, मेमध्ये, वाटेल तेव्हा कर. त्याने उचलला तर आधी शुभेच्छा दे. तो विचारेल, “तिकडे झाला का?” तर म्हण, इथेही आजच आहे.

सोबत एक सोनेरी पान आहे. मी नाही घातलं. सकाळी पानं लावताना त्याने एक बाजूला काढलं आणि म्हणाला, “हे वसूताईंना.” आज मला त्याने दोनदा तुझ्याच नावाने हाक मारली, पण पान कुणाचं ते चुकला नाही.

सोनं घे ताई. आज दसरा आहे.

तुझी
अनू