बिनखिळ्याचा नाल

४ मार्च, बुधवार

घरात खूर आणला! मेलेल्या घोड्याचा. उकळून, घासून, फडक्यात गुंडाळून. आणि ठेवला कुठे, तर खिडकीत — देवाच्या फळीपासून हातभर! जप संपवून डोळे उघडले तर समोर देव नाही, खूर.

"अहो, हे काय?"

"नमुना."

नमुना! तीस वर्षं नालबंदी करतायत, रोज चार खूर मांडीवर घेतात, आणि यांना नमुना लागतो. उचलून मोरीपाशी ठेवला. हात धुतले, जप पहिल्यापासून केला.

५ मार्च

आता उलगडा झाला. यांना घोड्यासाठी बूट करायचाय. वर लोखंडाची कडी, तिच्या तीन जिभा खुरावर वळवायच्या. खाली रबराचा तळ, दोन स्क्रूंवर. तळ झिजला की तेवढाच बदलायचा, कडी तशीच. खिळा एकही नाही. "खिळा नको म्हणजे नको" — दिवसातून दहा वेळा तेच. नालबंदाने खिळ्याशी भांडायचं म्हणजे शिंप्याने सुईवर रुसायचं!

मूळ कारण तबेल्याचा मालक. रस्ते सगळे दगडी. नाल तीन आठवड्यांत झिजतो, मग नवा ठोका, नवी भोकं पाडा. त्याची पांढरी घोडी — तबेल्यात सगळे तिला बाईसाहेब म्हणतात — तिच्या खुरांची चाळणी झालीय. "काहीतरी तोड काढा, नाहीतर मी दुसरा नालबंद बघतो," म्हणाला. अठरा घोडी आहेत तिथे. आमची चूल त्या अठरांवरच. आणि यांनी तोड काय काढली, तर बूट.

८ मार्च

माझी जुनी कॅलेंडरं संपवली! कपाटात अंथरायला जपून ठेवली होती. पाठीमागे सगळ्या आकृत्या. खूर म्हणावा तर बटाटा. मी फक्त मॅट्रिक, पण भूमितीला आमच्या बाई माझी वही वर्गात फिरवायच्या.

"निदान मधली रेघ तरी पट्टीने ओढा."

"हातानेच बरी."

बरी! गांडूळ बरं त्यापेक्षा.

१० मार्च

रबराचा वास आता पिण्याच्या पाण्यालाही येतो.

१३ मार्च, शुक्रवार

नणंदबाई आल्या होत्या. कडी उजेडात धरून म्हणाल्या, "वहिनी, दादा पहिल्यापासूनच डोकेबाज हो!" तर! याच दादांनी छत्र्या वाळवायचं यंत्र केलं होतं. ते माळ्यावर आहे आणि छत्र्या अजून दोरीवरच वाळतात.

"पेटंट मिळेल बघा याला."

म्हटलं, "आधी घोडीची परवानगी मिळू दे."

हे खाली मान घालून कानस चालवत होते. बहीण कौतुक करतेय, बायको टोमणे मारतेय, यांना दोन्ही सारखंच. निघताना बाई दारात कुजबुजल्या, "दादा वाळलाय हो. खातो ना नीट?" घ्या! बूट घोडीला आणि ठपका माझ्या स्वयंपाकावर.

१६ मार्च

चढले एकदाचे चारही बूट. मालकाची अट — आठ दिवस रस्त्यावर चालवायची. लंगडली नाही तर अठराही घोड्यांचे बूट आमच्याकडून. लंगडली तर त्याच दिवशी दुसरा माणूस. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार म्हणाला म्हणे, "बाईसाहेब निघाल्या सिनेमाला!" हेच मला हसत हसत सांगत होते. लाज कशी ती नाहीच.

एक माळ जास्त ओढली. घोडीसाठी. यांच्यासाठी नाही.

१८ मार्च, बुधवार

लंगडली. तिसऱ्याच दिवशी!

मोतद्दार सकाळी घरी आला, दारातूनच म्हणाला, "पुढचा उजवा टेकत नाही. मालक बाहेरगावी आहेत, परवा येतील. तोवर मी काही बोलत नाही, पण परवा मला विचारू नका, काकी." भला माणूस.

हे निघाले, त्यांच्या मागे मीही निघाले. या तबेल्यात जन्मात पाय ठेवला नव्हता. नाकाला पदर लावून उभी राहिले. यांनी पाय मांडीवर घेतला, कडी दाबून बघितली. "बरोबर बसतेय." पाय खाली सोडला, घोडी अंग चोरते. पुन्हा मांडीवर. "बरोबर बसतेय की!" पुन्हा खाली, पुन्हा तेच. सहा वेळा! सातव्या वेळी मला राहवेना.

"अहो, ती तुमच्या मांडीवर चालणार आहे का जमिनीवर? वजन पडलं की खूर टाचेकडे पसरतो, कडी आवळते. मला इथून दिसतंय! मोचीसुद्धा मला कागदावर उभी करून माप घेतो."

यांच्या खिळ्याच्या नालात टाचेशी खिळाच नसायचा, खूर तिथे मोकळा. म्हणून इतक्या वर्षांत हे कळायची वेळच आली नाही. पाय म्हणजे मांडीवर घ्यायची वस्तू, एवढंच ज्ञान!

हे घोडीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"कागद आण."

आणला. पेन्सिल माझ्याच हातात दिली. मी, धुतलेल्या लुगड्यात, लिदीत उकिडवी बसून बाईसाहेबांचा पाय रेखते आहे! देवा, हेच बघायचं राहिलं होतं.

२० मार्च

कडी मागून कापली, मध्ये चामड्याचा पट्टा घातला. कापायची खूण माझी. घोडी टेकते आहे. मालक आला, त्याला काही कळलं नाही. स्तुती कुणाची झाली ते लिहीत नाही.

२६ मार्च, गुरुवार

आठ दिवस नव्हे, दहा झाले. जिंकले! मालकाने निरोप पाठवला, मलाही बोलावलं. मोतद्दाराच्या हातात पेचकस देऊन म्हणाला, "बदल बघू तळ." त्याने पाच मिनिटांत बदलला.

मालक खूश! "वा! हे तर कुणालाही जमेल. अठरा घोड्यांचे बूट तेवढे करून द्या. पुढे तळ आमचा मोतद्दार बदलेल, खूर वाढले तर कानसही तोच मारेल. तुम्हाला आता उन्हातान्हात खेप नको, नालबंद!"

आणि हे हसले. मान डोलावून हसले!

मला घेरी यायची बाकी होती. अहो, तीन आठवड्यांनी होणारी खेप हाच तर आपला धंदा! अठरा घोड्यांचे बूट दिले की पुढे काय? स्वतःच्या पोटावर पाय आणायचा, आणि त्यासाठी महिनाभर कानस घासायची! असा माणूस शोधून सापडायचा नाही. मला न शोधता सापडला.

घरी येऊन भांडी आपटली.

२७ मार्च

विचारलंच सकाळी. "ज्याला नालबंदच नको, असा नाल केलात तरी कशाला?"

"त्यासाठीच केला," म्हणाले. उजवा हात टेबलावर माझ्यापुढे ठेवला. बोटं थरथरत होती. "दोन महिन्यांत दोनदा खिळा मांसात गेला. मुकं जनावर, म्हणून निभावलं."

मी तो हात दोन्ही हातांनी दाबून धरला. थांबेना.