अश्विनीची मरिंबा आणि गहिनीनाथबुवांचे टाळ

चि. रामहरी यास, घोडेगावहून छबूअक्काचे पोटभर आशीर्वाद. चष्मा शोधत असशील तर तो कपाळावर आहे. अक्का कोण हे आठवत नसेल, तर लहानपणी तुला हौदातून ओढून काढणारी ती मीच. (आत कशाला उतरलास ते तू तेव्हाही विसरला होतास.) गुडघा कसा आहे? औषध दोनदा घेत नाहीस ना? आम्ही म्हशीसकट बरे आहोत.

पत्र लिहून घेतेय माझी नात अश्विनी, आणि गोष्टही तिचीच, त्यामुळं मधेमधे नाक मुरडतेय. ती पुण्यात मरिंबा नावाचं वाद्य शिकते. पलंगाएवढं लांब, वर लाकडाच्या पट्ट्या, खाली नळ्या. टोकाला लोकरीचे गोळे असलेल्या काठ्या, दोन या हातात, दोन त्या हातात धरून वाजवायचं. तिला संगीताच्या मोठ्या शाळेत जागा हवी आहे. त्यासाठी अकरा मिनिटांचं वाजवणं, मधे कुठंही न बिघडता, मोबाईलवर उतरवून पाठवायचं, आणि समोर ऐकणारं माणूस बसलेलं दिसायला हवं. माणसांची आपल्याकडं काय कमी? वाद्य टेम्पोनं आणलं, मारुतीच्या सभामंडपात मांडलं, आणि सगळ्या भजनी मंडळाला मीच बोलावलं. (हीच चूक.)

आता ते वाजवणं असं, की चारच सूर, आणि पुन्हा तेच. लोकांना वाटलं, पोरगी अजून वाद्य जुळवतेय. मला मात्र कळलं. बादलीत दुधाची धार तीच पडते, पण बादली भरत जाईल तसा आवाज बदलत जातो की नाही? तसं. दर थोड्या वेळानं ती एक ठोका गुपचूप काढून घेत होती. (हे मी सांगितलं तेव्हा अश्विनी लिहायची थांबून माझ्याकडं बघत बसली. बघू दे.)

पण भजनी मंडळाच्या गहिनीनाथबुवांचा जीव खालीवर व्हायला लागला. भजनात पुढच्यानं तीच ओळ पुन्हापुन्हा घेतली की मागच्यांनी ती उचलायची असते. न उचलली तर त्याचा अपमान. इथं पोरीनं चाळीस वेळा ओळ दिली आणि गाव आपलं ढिम्म! "आरं, लेकरू कवाचं वाट बघतंय, उचला की!" बुवा म्हणाले, आणि नऊ जणांनी टाळ धरला. त्यांचा ठेका सरळ रस्त्यानं, हिचा बांधाबांधानं. पोरगी थांबली नाही, पण कान लालभडक. वर बुवाच मला म्हणतात, "छबूबाई, नात तालात जरा कच्ची हाय बरं का."

दुपारी पुन्हा बसवलं. आधी सगळे टाळ गोळा करून दुधाच्या कॅनमध्ये घातले, झाकण लावलं आणि वर मी बसले. मंडळी हात मांडीखाली दाबून बसली. अन् वाजवलं काय पोरीनं! ठोके एकेक करून गेले, शेवटाला एकच उरला, आणि बुवांच्या डोळ्यांत पाणी. बाकी सगळं ठीक.

तुझी अक्का

ता. क. : लिहिणारी म्हणते, आजी, खरं सांग. तर दुसऱ्यांदाही बिघडलं. तो एकच ठोका उरला होता तेवढ्यात कुणीतरी "वाजव गं माझे बाई!" म्हणून ओरडलं. कॅनवरून ओरडलं.

दुसरा ता. क. : वाद्य सोमवारी परत करायचं आहे, म्हणून रविवारी टेम्पो घेऊन आम्ही राजूरला तुझ्या ओसरीवर येतोय. गाव गोळा करू नकोस, तू एकटा पुरे. त्याच सुरांचा मागचा फेरा तुला आठवणार नाही, म्हणजे प्रत्येक फेरा नवा वाटेल. पोरीला असा श्रोता अख्ख्या जिल्ह्यात मिळायचा नाही. फक्त रविवार विसरू नकोस.

तिसरा ता. क. : राजूरचे पेढे अर्धा किलो आधीच पाठवून दे. वाटायला नाहीत. ती वाजवत असताना मी तोंडात धरून बसणार आहे, आणि अकरा मिनिटांना किती पुरतात ते घरी बघून ठेवायला हवं. चिक्की पाठवू नकोस, ती वाजते.