फियाट, पाडवा आणि माझा होकार

१२ जानेवारी, रविवार

मला बघायला आला होता की बाबांच्या फियाटला?

चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तर मुलाची आई आहे, मामा आहेत, मुलगाच नाही! शोधलं तर साहेब गोठ्यामागे. फियाटचं बॉनेट उघडून आत डोकं घालून उभे. दोन वर्षं बंद पडलेली गाडी ती. मागच्या सीटवर आमची कोंबडी अंडी उबवत बसलेली, ती याच्यावर ओरडतेय, आणि याला पत्ताच नाही.

नाव विनीत. उल्हासनगर कॅम्प १ मध्ये गॅरेज आहे, पेट्रोलच्या गाड्या इलेक्ट्रिक करतो. बाबांना म्हणाला, “काका, बॉडी अजून कडक आहे. इंजिन गेलंय, पण ते मला नकोच आहे. खर्चाचं सोडा, गॅरेजमध्ये दाखवायला मला एक गाडी पाहिजेच होती. ही द्या.”

बाबा म्हणाले, “अरे, आधी पोरीचं बोल!”

माझं डोकंच सटकलं. सगळ्यांसमोर बोलून गेले, “पाडव्यापर्यंत ही चालवून दाखवा. मग सांगते, हो का नाही ते.” आईने असा चिमटा काढला की अजून लाल आहे. “स्वयंवर मांडलंस का गं आपल्या चामटोलीत?” तिचंही खरं, हे तिसरं स्थळ.

तो म्हणाला, “चालेल.” आणि परत गंज खरवडायला लागला. बेक्कार माणूस!

२० जानेवारी

फियाट दोरीने टोचन करून नेली. कोंबडी घरीच.

२९ जानेवारी, बुधवार

माझं दुकानही कॅम्प १ मध्येच. दिवसभर होलसेल कुर्त्यांची बिलं बनवायची. जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, बघून तर येऊ काय चाललंय. गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे. पोळी-भाजीचा डबा उभ्यानेच खाल्ला.

इंजिन बाहेर काढून ठेवलेलं. काळंकुट्ट, तेलकट. टाकी, सायलेन्सर, रेडिएटर, सगळं एका कोपऱ्यात. आणि त्याच्या जागी बसणारी मोटर बघितली तर एवढुशी! आमच्या मिक्सरचा मोठा भाऊ. मी म्हटलं, “ही? ही ओढणार गाडीला?” तो म्हणाला, “हीच. आणि तुमच्या त्या जुन्या इंजिनापेक्षा जोरात.”

मोटर आणि गिअरबॉक्स जोडायला मधे एक लोखंडी प्लेट लागते. अंबरनाथ एमआयडीसीतून करून आणली होती, लेथवर. किंचित बसत नव्हती. कामावरचा माणूस म्हणाला, “ठोक दो भाई, बैठ जायेगी.” विनीतने ठोकली नाही. परत पाठवली. म्हणाला, “आज ठोकली तर रोज थरथरेल.”

दुकानात परतायला उशीर झाला, शेठ बडबडला. खरं सांगू? मला जाववत नव्हतं.

३० जानेवारी

परत गेले.

८ फेब्रुवारी, शनिवार

रोजच जाते आता. लपवायचं काय, वही माझीच आहे.

प्लेट तिसऱ्यांदा आली. हाताने सरकवली आणि बसली, अशी की मधे कागद जाणार नाही. मी टाळीच वाजवली! तो पहिल्यांदाच हसला.

आज बॅटरीचे डबे लावले. अर्धे डिकीत, अर्धे पुढे बॉनेटखाली. वजन पुढे-मागे सारखं पडलं पाहिजे म्हणून चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून दहा वेळा हलवाहलव. मी विचारत सुटले. ही जाड नारंगी वायर कुठे जाते? हिला हात का लावायचा नाही? हा लाल दिवा कशाचा? तो प्रत्येकाचं उत्तर देतो. “तुला कशाला पाहिजे” असं एकदाही म्हणाला नाही. एवढ्यावरच मी अर्धी गार.

नेत्रा वहिनीला सगळं सांगितलं तर म्हणते, “पोरगी गेली हातातून!” मी म्हटलं, गप्प बस. पण हसू आलंच.

१७ फेब्रुवारी

सीटा! काय सीटा केल्यात! पाठच्या गल्लीतले झामनदास अंकल सोफे बनवतात, त्यांनी जीन्सच्या कापडाच्या शिवल्या. जाड निळं कापड, नारंगी दुहेरी शिलाई, पाठीला चक्क खिसे. मी म्हटलं, घाण नाही का होणार? अंकल म्हणाले, “बेटी, जीन्स है. जितना धोओगी, उतना निखरेगी.” जीन्सच्या गावची, उल्हासनगरातली गाडी आहे हे सांगायची गरजच नाही.

२ मार्च, रविवार

रंग झाला. मोरपिशी, वरचं छत साईच्या रंगाचं. क्रोमचे बंपर घासून असे की त्यात बघून टिकली लावावी. जुन्या गोल दिव्यांच्या आत नवे एलईडी. स्टिअरिंगजवळचा तो गिअरचा दांडा तसाच ठेवला, “काकांच्या हाताला सवय आहे” म्हणून. क्लच मात्र गेला. मी बराच वेळ नुसती गाडीभोवती फिरत होते. माणसाच्या हातून असं काही होतं, हे मी आधी कधी जवळून बघितलंच नव्हतं. बिलं बघितली फक्त.

आणि ती चालली! आवाज नाही, धूर नाही, सुळकन् गेली. कॅम्पातली पोरं मागे पळत, “ओ भाई, विंटेज है क्या? बटन से चलती है क्या?” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गाडीसाठी! वेडीच मी.

आई आता भटजींना विचारून आली. पाडव्याला साखरपुडा करू म्हणते. मी ‘नाही’ म्हणाले नाही. ‘हो’ही नाही. पण घरात सगळ्यांनी ‘हो’च धरलंय.

१९ मार्च

कल्याणच्या आरटीओत पासिंग झालं एकदाचं. इलेक्ट्रिकची हिरवी नंबरप्लेट!

आज विनीतच्या आईने साडीचा रंग विचारला. मी मोरपिशी म्हटलं. त्या गालात हसल्या. गाडीचाच रंग, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

२८ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते कुणाला खरं वाटणार नाही. पण लिहिणार.

काल गाडी घरी आणून ठेवली, गावाला दाखवायला. विनीत काही पार्ट आणायला पुण्याला गेला. आज सकाळी बाबा उठले आणि जुन्या सवयीने गाडी ‘गरम करायला’ गेले. चावी फिरवली, आवाज नाही. त्यांना वाटलं चालू झालीच नाही. समोर दिसतील ती बटणं दाबली. तरी आवाज नाही. मग फियाटला द्यायचे तशी रेस दिली. दाबून!

गाडी सुटली ती कुंपण तोडून शेजारच्या जनूकाकांच्या वालाच्या मळ्यात! नशीब, मधे कुणी नव्हतं. बाबा पांढरेफटक. “मी फक्त रेस दिली गं, फक्त रेस दिली,” एवढंच. जनूकाका ओरडायला आले होते, बाबांकडे बघून पाणीच घेऊन आले.

पुढचा बंपर वाकला आणि गाडी ठार बंद. काही केल्या चालू होईना. आईने तर रडायलाच सुरुवात केली, “परवा साखरपुडा आणि आज हा अपशकुन!” विनीतला फोन लावला. त्याने आधी विचारलं, “काकांना लागलं का?” मग म्हणाला, “राहू दे तिथेच, मी संध्याकाळी येतो.”

मी म्हटलं, “नाही. सांगा, मी बघते.”

त्याने नको म्हटलं नाही. मग म्हणाला, “आधी बॅटरीचा मेन प्लग काढ. हातमोजे डिकीत आहेत. तो काढल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.” काढला. मग एकेक वायर बघत गेले. रोज बघितलेल्याच होत्या, प्रत्येकीचं घर मला माहीत. पुढे डाव्या बाजूला एक पांढरा कनेक्टर निसटलेला, आतली पिन वाकलेली. सरळ कशाने करणार? घरातून भुवयांचा चिमटा आणला! हळूच पिन सरळ केली. कनेक्टर बसवला. प्लग लावला. चावी फिरवली.

आतून ‘टक्’ झालं.

बाई गं! तो ‘टक्’! डॅशबोर्ड उजळला आणि मी वालाच्या मळ्यात मोठ्याने ओरडले. फोनवर विनीत विचारतोय, काय झालं, काय झालं, आणि मी नुसती हसतेय. मग मीच ती मळ्यातून बाहेर काढली, रिव्हर्समध्ये. जनूकाकांचे अर्धे वाल गेले, पण शिट्टी त्यांनीच वाजवली.

संध्याकाळी तो आला. आधी बाबांजवळ बसला. “काका, चूक तुमची नाही, माझी. चालू झाली की काहीतरी वाजायला पाहिजे होतं. मी उद्या लावतो.” असा माणूस आहे. मग टॉर्च घेऊन ती पिन बघितली, बराच वेळ. म्हणाला, “हात चांगला आहे तुझा.”

मला बघायला आला तेव्हा त्याच्या आईने “दिसायला छान आहे” म्हटलं होतं, तेव्हा मला काहीच झालं नव्हतं. आज ते एक वाक्य मी मनात दहा वेळा म्हटलं.

मग, अगदी मायेने, तो म्हणाला, “पण लग्नानंतर तू हे नको करूस. गॅरेजचं ऑफिस सांभाळ, एसी लावून देतो. हात काळे करायला आम्ही आहोत ना.”

मी “हं” म्हटलं.

२९ मार्च

सगळं घर हसतंय. आईने पुरण शिजत टाकलंय. वहिनी मेंदीचा कोन घेऊन मागे लागलीय, आणि मी तळहात देत नाहीये.

लोक म्हणतील, गाडी करून घेतली आणि पोराला टांग दिली. म्हणतीलच. आईला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं! त्याच्यासारखा दुसरा मिळणार नाही, हेही खरं. मी रोज दोन गल्ल्या धावत जायचे, ते त्याला बघायला, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं! पण आज डोळे मिटले की त्याचा चेहरा येत नाही. त्याचे हात येतात. आणि मग ते माझे होतात.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारायच्या आधी त्याला गोठ्यामागे बोलावलं आणि सांगितलं. लग्नाला नाही. कामाला ठेवाल का?

त्याचा चेहरा पडला, मला बघवेना. मग म्हणाला, “घरी मी सांगतो, तू नको सांगूस.” फाटकापर्यंत गेला, परत आला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “मंगळवारी नऊला ये. जुने कपडे घालून.”

आई आत रडतेय. मीही रडतेय. मंगळवारी नऊ.