गेटची संथा

तारकर्ली, चैत्र वद्य षष्ठी

प्रिय गुरुप्रसाद,

अनेक उत्तम आशीर्वाद. (तू माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी लहान आहेस, हा अधिकार मी सोडणार नाही.) तुझा गुडघा, तुझी साखर आणि ओरोसच्या क्वार्टरचे गळके छप्पर ही तिन्ही दुखणी आटोक्यात असतील अशी आशा. इकडे सर्व क्षेम. म्हणजे काल दिवेलागणीपर्यंत तरी होते.

आमच्या विनीतने स्पेनमध्ये संसार थाटला, हे तू जाणतोसच. त्याची पाच वर्षांची रिया अक्षय्य तृतीयेला पहिल्यांदाच इथे येते आहे. तिला येते फक्त स्पॅनिश आणि मला मराठी-संस्कृत. मग आजोबा-नातीने महिनाभर एकमेकांकडे बघून नुसत्या माना डोलवायच्या? विनीत म्हणाला, "बाबा, इंग्रजीतला 'गेट' हा धातू तेवढा धरा. त्याची स्पॅनिश रूपं पाठ केलीत की निम्मं घर चालतं." यादीही पाठवली. खरे सांगतो, मला त्या 'गेट'ची कीव आली. मिळवणे, पोचणे, समजणे, आणणे, भिजणे, एवढा प्रपंच इंग्रजांनी त्या एकट्याच्या पाठीवर लादलाय. स्पॅनिश मंडळी उदार. मिळवायला कोन्सेगिर, पोचायला येगार, समजायला एन्तेन्देर, आणि पावसात भिजायचे तर त्यालाही स्वतंत्र मोहार्से!

मग रोज तिन्हीसांजेला ओटीवर माडांकडे तोंड करून बसू लागलो. पद्धत आपल्या वेदपाठशाळेचीच: आधी 'हरिः ॐ', मग एकदा गुरू होऊन शब्द सांगायचा, दोनदा शिष्य होऊन म्हणायचा. (आमची सौ. नर्मदा आतून ओरडायची, "पोराक भूक लागली काय कळता, त्येका भाषा कित्याक व्हयी?") पहिल्याच दिवशी 'येगार' म्हणून श्वास घेतला, तोच माडांतून हलकेच आले: येगार, येगार. प्रतिध्वनी असेल म्हटले. (माडांना प्रतिध्वनी नसतो हे ठाऊक आहे, पण त्या क्षणी न्यायशास्त्र गैरसोयीचे वाटले.) पण अष्टमीला मी घसा फोडून घोकले, माड गप्प. पौर्णिमेला गप्प, प्रतिपदेलाही गप्प. तिन्ही दिवस पाठशाळेच्या सुट्टीचे. अनध्याय पाळणारे भूत, गुरुप्रसाद! अशी शिस्त गावच्या भुतांत नाही. हे आपल्याच पाठशाळेतले.

काल पंचमी. 'मोहार्से' म्हटले आणि मी तोंड उघडायच्या आत माडांतून पुढचाच शब्द आला: पेरदेर्से. तो माझ्या यादीत नाही. गुरुजींच्या आधी पुढचे पद म्हणून बोटांवर छडी खाणारा आपल्या तिघांत कोण होता, हे तुला सांगायला नको. हरिश्चंद्र पाठशाळा सोडून मालवाहू जहाजावर गेला, स्पेनच्या कुठल्याशा बंदरातून एक कार्ड आले, त्यालाही चाळीस वर्षे झाली. पुढे जहाजाचाही पत्ता नाही, त्याचाही नाही. रात्र जेमतेम काढली आणि सकाळी विनीतला विचारले, 'पेरदेर्से' म्हणजे काय रे? तो म्हणाला, "हरवणं, बाबा. तेही 'गेट'मध्येच येतं. यादीत राहिलं वाटतं."

चूक माझीच. सवयीने 'हरिः ॐ' करून संथा उघडली, पण शेवटी शांतिपाठ एकदाही म्हटला नाही. स्पॅनिशला कसला शांतिपाठ, असे वाटले. उघडी संथा दिसली आणि सहाध्यायी आपल्या जागेवर येऊन बसला, इतकेच. आज म्हणून बघितला, पण एकट्याने धीर होत नाही. तू शनिवारच्या एसटीने ये. दोघे मिळून म्हणू आणि त्याला निरोप देऊ.

तुझा,
भाई

ता. क. शनिवारी येऊ नकोस. आत्ता दिवा लावताना रियाचा फोन आला. काय सांगू, वीस मिनिटे बोलणे झाले! पोर खिदळत होती. विनीत म्हणाला, "बाबा, ती म्हणते आजोबा समुद्राच्या गोष्टी झकास सांगतात." तेव्हा एवढ्यात निरोप नको. शांतिपाठाचे रिया परत गेल्यावर बघू.

ता. क. दुसरा. फोनच्या वेळी नर्मदा शेजारीच कोकमासाठी रातांबे फोडत होती. तिला मोठ्या ऐटीत म्हटले, ऐकलेस ना माझे स्पॅनिश? ती सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मी हयच होतंय. तुमी तोंड खंय उघडलात?"